कुत्र्याला घेऊन मुलगी बघायला

माझी दृष्टी गेली तेव्हा मी रत्नागिरीतल्या एका शाळेत संस्कृत शिकवत होतो. काचबिंदूने ती बेताबेताने नेली. आधी फळ्याच्या कडा गेल्या. मग मागच्या बाकांवरची मुले गेली. मुलांना त्याचे फारसे दुःख झाले नाही. शेवटी एके दिवशी फळाच गेला. शाळेने निरोपाचा समारंभ केला. जो बोलायला उठला तो माझ्या अंतश्चक्षूंविषयी बोलला. गळ्यात हार घेऊन मी बाहेर पडलो आणि शाळेच्या पायरीवरून थेट गुडघ्यांवर आलो. अंतश्चक्षूंना पायऱ्या दिसत नाहीत, हे कोणी भाषणात सांगितले नव्हते.

मग मी घरीच शिकवण्या सुरू केल्या. पाठांतर चांगले होते, त्यामुळे पुस्तकावाचून अडले नाही. अडले ते चालण्यावाचून. आंधळ्याला हात द्यायला गावात खूप माणसे असतात, पण हात देणारा आपल्या कामाच्या वाटेने जातो. मी देवळात जायला निघालो की न्हाव्याच्या दुकानात पोचत असे, कारण सोबत्याला दाढी करायची असे. एकदा तर एका अनोळखी माणसाच्या बाराव्याला जेवून आलो.

आमच्या शेजारी एक म्हातारा मुसलमान खलाशी राहत असे. बरीच वर्षे परदेशी बोटींवर काढून गुडघे धरल्यावर तो घरी परतला होता. सगळी आळी त्याला चाचा म्हणे. मी तिसऱ्यांदा त्याच्या कुंपणात शिरलो तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, तिकडे जर्मनीच्या बंदरात मी लढाईत डोळे गेलेले सोल्जर बघितले. संगती माणूस नाय. बाजूला कुत्रा, त्याच्या पाठीवरच्या पट्ट्याला दांडी, दांडी सोल्जरच्या हातात. गर्दीतून असे चालत, जसा काय कलेक्टर निघालाय."

"आपल्याकडे कोण शिकवणार कुत्र्याला?" मी विचारले.

"मी हाय ना. घरात बसून बायकोची बोलणी खातोय, त्यापेक्षा कुत्रा बरा."

मिरकरवाड्यात मासळी खाऊन माजलेला एक दांडगा कुत्रा त्याने पकडून आणला. कुत्र्याच्या रंगाविषयी मतभेद होते. चाचा सोनेरी म्हणे, आई मातकट म्हणे. मी दोन्ही मान्य केले. जोडे शिवणाऱ्याकडून पट्टा आणि दांडी करवून घेतली आणि चाचाने शिकवणी सुरू केली. त्याला कुत्र्यांची भाषा येत नव्हती, बोटीची येत होती. त्यामुळे उजवीकडे वळायला 'जमना', डावीकडे 'डावा', हळू चालायला 'आस्ते' आणि थांबायला 'बस', असे खलाशांचे हुकूम कुत्रा शिकला. पुढे मी रामआळीतून "जमना, आस्ते" असे ओरडत वळू लागलो, तेव्हा दुकानदार बाहेर येऊन कुठली बोट लागली ते बघत.

कुत्र्याची लाळ लागली तर नमाजाआधी धुण्याचा मोठा सोपस्कार, म्हणून चाचाने कुत्र्यासाठी वेगळी लुंगी ठेवली होती. त्याच्या बायकोने कुत्र्याला पडवीत यायला बंदी केली. माझ्या आईने आमच्या अंगणात केली. त्या दोघी इतकी वर्षे कुंपणावरून शेवग्याच्या शेंगांपलीकडे काही बोलल्या नव्हत्या; आता रोज दुपारी बोलू लागल्या. हिंदु-मुसलमानांची एकी व्हावी म्हणून त्या काळी मोठमोठ्या सभा भरत. आमच्या आळीत ती एका कुत्र्याने घडवून आणली, आणि तीही स्वतःच्या विरुद्ध.

गावात मी कुत्र्याबरोबर फिरू लागलो. गावाबाहेर जायचा प्रसंग आला तो केळशीच्या स्थळामुळे. मुलगी मराठी फायनल झालेली होती, पण लग्नाचे वय उलटून गेले होते. माझे डोळे आणि तिचे वय अशी तोड मामाने काढली होती. आता मी मुलगी बघायला यावे, असा तिकडून निरोप आला.

आई म्हणाली, "मामा घेऊन जाईल हो तुला."

मामा याआधी एकदा मला घेऊन गेला होता. मुलगी त्याने बघितली, प्रश्न त्याने विचारले, पोहेही त्यानेच खाल्ले आणि घरी येताना रस्त्यात माझा नकार कळवूनही टाकला. मी म्हटले, "या वेळी मी कुत्र्याबरोबर जातो."

"मुलगी बघायला? कुत्रं घेऊन?"

"तू 'बघायला' या शब्दावर अडली नाहीस, मग 'कुत्र्या'वर का अडतेस?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी वाजत राहिली.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी मांडवीच्या बंदरावर गेलो. मुंबईकडे जाणारी आगबोट पुढे हर्णैला थांबत असे. तिथे उतरून केळशीला बैलगाडीने जायचे होते. चाचा गुडघे चोळत पोचवायला आला होता. बुकिंगच्या खिडकीत कारकून म्हणाला, "कुत्रा साहेबाचा आहे का?"

"माझा आहे."

"साहेबाचा असता तर पिंजऱ्यात घालून वरच्या वर्गाबरोबर गेला असता. तुम्ही खालच्या वर्गाचे. खालच्या वर्गाला वासरू आहे, शेळी आहे, कोंबड्या आहेत, पोपट आहे. कुत्रा नाही."

"पण तो मला वाट दाखवतो."

"वाट दाखवणारं जनावर तर मुळीच नाही." त्याने थोडा विचार केला. "पोपट लिहू?"

मी म्हटले, "शेळी लिहा. निदान पाय तरी जुळतील."

हे त्याला पटले. कुत्रा शेळी होऊन आगबोटीपर्यंत नेणाऱ्या मचव्यात बसला. चाचा धक्क्यावरून ओरडला, "मास्तर, बंदरात बोटीला वाट दाखवतो ना, तसा तो तुमचा पायलट हाय! पायलटाला कोणी हात लावायचा नाय, सांगा सगळ्यांना!"

मचव्यातून आगबोटीवर चढताना काही त्रास झाला नाही. शिडीपाशी कुत्रा थांबला, मी पायाने पायरी चाचपली, आणि दोघे वर आलो. त्रास डेकवर सुरू झाला. लोकांनी वळकट्या पसरून आपापली राज्ये मांडली होती. मी एका कोपऱ्यात टेकतो न टेकतो तोच एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला.

"अगो बाई, कुत्रं! अहो, माझं सोवळं आहे. तुम्हाला दिसत नाही का?"

"नाही," मी म्हटले.

या काकू लेकीकडे मुंबईला निघाल्या होत्या, पिण्याचे पाणीसुद्धा घरून घेऊन. त्यांच्या पलीकडे एक शेटजी होते. त्यांचा डबा रत्नागिरीचा किनारा दिसेनासा व्हायच्या आत उघडला होता. आणि माझ्या समोर एक वकील होते. त्यांनी घसा साफ केला.

"काकू, हे शिवाशिवीचं खूळ आता सोडा. मी स्वतः भर सभेत या विषयावरच्या ठरावाला अनुमोदन दिलेलं आहे. विलायतेत कुत्रा दिवाणखान्यात बसतो. प्राणिमात्र सगळे समान. परंतु..."

त्या 'परंतु'बरोबर ट्रंक फरफटत आल्याचा आवाज झाला. वकिलांनी ती आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये उभी केली होती.

"चावेल हो तो," शेटजी तोंडातल्या घासासकट म्हणाले.

"इतक्या दिवसांत कोणाला चावलेला नाही," मी म्हटले.

"मग आता चावेल. कधीतरी सुरुवात करायचीच असते."

असे बराच वेळ चालले. शेवटी सगळ्यांनी मिळून तोडगा काढला. कुत्र्याला पुढे बोटीच्या टोकाला, नाळेजवळ, कोंबड्यांच्या खुराड्यांशेजारी बांधावे. "आणि मला इकडेतिकडे जायचं झालं तर?" मी विचारले. त्यावर आजूबाजूची सगळी वळकट्यांची वस्ती कळवळली. आम्ही आहोत ना! एवढी माणसं असताना कुत्र्याचा आधार कशाला? तुम्ही नुसती हाक मारा! मी एकटा होतो आणि ते फार होते. एका खलाशाने कुत्र्याला नेले. जाताना त्याची नखे लाकडावर घसरत होती, म्हणजे तो मागे वळून बघत असणार.

जयगड मागे पडले आणि मला मोरीकडे जायची गरज वाटू लागली. मी हाक मारली.

"मी सोवळ्यात हो," काकू म्हणाल्या. "हात धरता यायचा नाही. पण तोंडाने सांगते. सरळ जा."

मी सरळ गेलो आणि कोणाच्या तरी पोटावर पाय दिला. त्याने माझा पूर्वजांसह उद्धार केला.

"माझा हात खरकटा आहे," शेटजी म्हणाले. "एवढे दोन लाडू संपू देत."

शेवटी वकील उठले. त्यांनी पाठीमागून माझी दोन्ही कोपरे धरली आणि मला हातगाडीसारखा पुढे ढकलू लागले. "आपल्या देशात अंधांसाठी काही सोयच नाही," ते म्हणत होते, आणि मी एका खांबावर आपटलो. "समाजाचं लक्षच नाही," ते म्हणाले, आणि मी एका बादलीत पाय घातला. एवढ्यात त्यांना कोणी ओळखीचे अशील दिसले. "आलोच हं, एक मिनिट," असे म्हणून त्यांनी हातगाडी तिथेच सोडली.

मी थांबलो. बोट हलत होती. मिनिटे गेली, वकील आले नाहीत. त्यांचे हसणे लांबून ऐकू येत होते. मी हाताने चाचपले तेव्हा एक कापड लागले. पडदा असेल, पलीकडे मोरी असेल, असे समजून मी तो बाजूला करून आत पाऊल टाकले. आत बायका होत्या. एकदम किंकाळ्या उठल्या. कोणीतरी ओरडले, "मेला डोळे मिटून आत घुसतोय! जसा काही बघतच नाही!"

माघारी फिरायचे तर मागे कुठे, हेही कळेना. एक चप्पल खांद्याला चाटून गेली. मग मी तोंडात दोन बोटे घालून चाचाने शिकवली होती तशी शीळ घातली. नाळेकडून भुंकणे आले, मग कोंबड्यांचा कल्लोळ, मग एका खलाशाच्या शिव्या, आणि मग लाकडावरून धावत येणारी नखे. कुत्र्याने दावे तोडले होते. दांडी माझ्या हाताशी आली, आणि सांगायला हरकत नाही, ती हाती लागताच मला रडू आले. मी "आस्ते" म्हटले. त्याने मला पडद्याबाहेर काढले, वासावरून मोरीच्या दारापर्यंत नेले, माझे होईपर्यंत दाराशी बसला आणि वळकट्यांच्या मधून, कोणाच्या पोटाला पाय लागू न देता, माझ्या जागी आणून सोडले.

शेटजींच्या तोंडाचासुद्धा आवाज येत नव्हता.

तेवढ्यात तिकीट तपासनीस आला. माझा कागद घेऊन तो म्हणाला, "शेळी कुठे आहे?"

"हीच," मी कुत्र्याकडे हात केला.

"हा कुत्रा आहे. कागदावर शेळी आहे. शेळी कुठे गेली?"

मागून कोणीतरी म्हणाले, "याने खाल्ली असेल."

"अगो बाई!" काकू किंचाळल्या. "अख्खी?"

तपासनीस कुत्र्याला पुढच्या बंदरात उतरवायचे म्हणू लागला, तेव्हा वकील पुढे झाले. मघाच्या मिनिटाची त्यांना थोडी लाज वाटली असावी. नाहीतर बऱ्याच वेळात कोणाशी वाद घातला नव्हता म्हणूनही असेल. ते म्हणाले, "हा कागद तुमच्याच कारकुनाने केला ना? मग त्यात लिहिलेलं तुम्ही नाकारू शकत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे जनावर शेळी आहे. ती भुंकते, हा तिच्या स्वभावाचा भाग झाला."

असा मुद्दा तपासनिसापुढे आधी कोणी मांडला नसावा. तो "शेळीला मोकळी सोडू नका" अशी ताकीद देऊन निघून गेला.

याचा सर्वांत जास्त परिणाम काकूंवर झाला. त्यांनी वकिलांना हळूच विचारले, "म्हणजे सरकारदरबारी ही शेळीच का हो?"

"निःसंशय."

"मग विटाळ कसला धरायचा?" काकू म्हणाल्या आणि आखडून घेतलेले पाय त्यांनी ऐसपैस पसरले.

पण शेटजी त्यांच्याही पुढे गेले. त्यांना आठवण झाली की दत्तमहाराजांच्या पायाशी कुत्रेच असतात. हा आंधळा, हा कुत्रा, दावे तोडून धावत आलेला. यात काहीतरी संकेत आहे. दाभोळला नवे उतारू चढले त्यांना त्यांनी ही हकिगत सांगितली. त्यांच्या सांगण्यात दाव्याच्या साखळ्या झाल्या आणि मी समुद्रात पडलेला होतो. लोक येऊन कुत्र्याच्या पाया पडू लागले. मघाशी मी अंग चोरून बसलो होतो, आता आमच्या भोवती मोकळे पटांगण झाले. तरी मला त्याचा उपयोग नव्हता. कुत्र्याला उठवायचे म्हटले की "राहू द्या, त्यांना बसू द्या" असे चहूकडून येई, आणि मलाही जागचे हलता येत नसे. 'त्यांना' म्हणजे कुत्र्याला. माझ्या पाया कोणी पडत नव्हते.

शेटजींनी डबा त्याच्यापुढे केला. "त्याला तुपाची सवय नाही हो," मी सांगत होतो. "प्रसाद आहे, अडवू नका," असे ते मलाच दटावत होते. मिरकरवाड्याच्या मासळीवर वाढलेल्या पोटात साजूक तुपाचे लाडू एकामागून एक गेले. हर्णै दिसू लागले असे लोक म्हणत होते, त्याच सुमाराला कुत्र्याने ते सगळे शेटजींच्या नव्या सतरंजीवर परत केले. शेटजी ओरडले, "हाकला त्या कुत्र्याला!" देवपण तेवढ्यावर संपले. काकूंनी पाय पुन्हा आखडले, आणि मी सुटलो म्हणून मनात हात जोडले.

हर्णैला उतरलो. गाडीवान म्हणाला, बैल बुजतील, कुत्र्याला गाडीत घेणार नाही. मग कुत्रा गाडीच्या बाजूने चालत राहिला. बैलांनी काही तक्रार केली नाही. सकाळपासून भेटलेल्यांत कुत्र्याविषयी मत नसलेले तेवढेच दोघे.

केळशीच्या घरी मला ओटीवर बसवले. मुलीचे वडील, काका आणि आत्या समोर बसले होते. मुलगी आली ती पोह्यांच्या वासावरून आणि बांगड्यांवरून कळली. आता पंचाईत अशी की बघण्याचा कार्यक्रम तर होता आणि बघणारा मी. वडील अडखळत म्हणाले, "मुलगी... म्हणजे, उजळ आहे. नाक तरतरीत. केस तर गुडघ्यापर्यंत."

"मला त्याचा काय उपयोग?" मी म्हटले.

"तुम्हाला नसेल," काका म्हणाले, "पण लोकांना दिसेल ना!"

मी म्हटले, "त्यांना काही विचारायचं असेल तर विचारू देत."

सगळे चपापले. मुलीने प्रश्न विचारायचा रिवाज नव्हता. आत्या काही बोलणार, तेवढ्यात मुलीचा आवाज आला. स्पष्ट होता, घाबरलेला नव्हता.

"चालताना कुत्रा कुठल्या बाजूला असतो?"

"डाव्या. दांडी डाव्या हातात असते."

"नेहमी?"

"नेहमी. बाजू बदलली तर तो गोंधळतो."

"मग मला उजव्या बाजूने चालावं लागेल," ती म्हणाली. ती पुढे काय काय कुठे ठेवायचे त्याचा हिशेब करत असल्यासारखी बोलत होती. "आणि पाणंदीत तिघं मावणार नाहीत. तिथे मी पुढे होईन."

"गो, बायको डाव्या अंगाला असते!" आत्या ओरडल्या.

"तिथे तो आधी आलाय, आत्या. त्याला कशाला उठवायचं?"

मी तिथल्या तिथे होकार दिला. अजून मला कोणी विचारले नव्हते, तरी दिला.

लग्न वैशाखात तिच्या घरी झाले. डाव्या अंगाचा प्रश्न भटजींपर्यंत गेला. त्यांनी पोथी चाळून निर्णय दिला की विधीपुरते बायकोने डावीकडे बसावे, विधी संपल्यावर ज्याची त्याने सोय बघावी. कुत्रा मांडवाबाहेर बसून होता. आलेल्या पाहुण्यांत नवरदेवापेक्षा त्यालाच बघायला गर्दी जास्त होती, असे मला नंतर सांगण्यात आले.

परतीच्या मचव्यात वऱ्हाडाच्या पुढे आम्ही तिघे होतो. एका गृहस्थाने लगेच सुरुवात केली. "अहो बाई, ते कुत्रं जरा लांब धरा."

मी नेहमीप्रमाणे समजावून सांगायला घसा साफ केला. जर्मनीतल्या सोल्जरांपासून सुरुवात करायची माझी पद्धत होती. तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्हीच जरा सरका. त्याला काम आहे."

तो सरकला. मला फार आश्चर्य वाटले.

घरी आलो तेव्हा आईने उंबऱ्यावर तांदळाचे माप ठेवले होते. वाटेत काही आडवे आले की थांबायचे, असे चाचाने शिकवलेले, त्यामुळे कुत्रा मापापाशी थांबला. तो थांबला म्हणून मी थांबलो. मी थांबलो म्हणून नवरी थांबली. मागे वऱ्हाड, शेजारी आणि वेगळी लुंगी नेसून आलेला चाचा, सगळे उन्हात उभे.

"कोण कोणाला घरात घेतंय?" आई आतून म्हणाली.

मग बायकोने उजव्या पायाने माप लवंडले. तांदूळ सगळीकडे सांडले. बायकोने नंतर सांगितले, कुत्र्याने एक पाय उचलला, कुठे ठेवू असे करत थोडा वेळ धरला, आणि एकही दाणा न हुंगता पलीकडे टाकला.

"एवढं तरी वळण आहे," आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून त्याला अंगणात यायची परवानगी मिळाली.